पिस्ता रंगाची बंदूक

आमच्या घरात बंदूक होती असं सांगितलं की लोक जरा सावरून बसतात. बसू नका. जितकी वर्षं ती आमच्याकडे होती तितक्या वर्षांत तिने कावळासुद्धा उडवला नाही. लोखंडी कपाटात ती उभी असायची आणि तिच्यामुळे माझ्या साड्या ट्रंकेत असायच्या.

आमचे मालक फौजेत होते. नवऱ्याला मालक म्हणते ते सवयीने. फौज म्हटलं की ऐकणाऱ्याला बर्फ आणि खंदक दिसायला लागतात. आमचे मालक भांडारात होते. चादरी, बूट, मच्छरदाण्या मोजून द्यायच्या आणि मोजून परत घ्यायच्या, हे त्यांचं युद्ध. पण गावी सुट्टीवर आले की मिशीला पीळ देऊन पारावर बसायचे आणि सरहद्दीच्या गोष्टी सांगायचे. मी ओट्यावरून ऐकायची. मच्छरदाणीचं नाव त्यात कधी यायचं नाही.

निवृत्त झाल्यावर आम्ही नाशकात सिडकोत आलो. नव्वदच्या पुढची गोष्ट. अंबडच्या कारखान्यांत भरती जोरात होती आणि पोरं जेवणासाठी वणवण करायची, म्हणून मी खानावळ काढली. चौथी शिकलेली बाई आणखी काय काढणार, असं म्हणणारेच पुढे पंगतीला बसले. मालकांनी परवाना काढला आणि रायफल घेतली. सरकारी कारखान्यातली, लाकडी दस्त्याची, प्रत्येक गोळीला हाताने बोल्ट मागे ओढून पुढे सारायचा तसली. ती घेण्यामागे हिशेब होता. बँकेच्या दारात नुसता उभा राहतो तो वॉचमन. स्वतःची परवान्याची बंदूक घेऊन उभा राहतो तो गनमन. पगारात फरक, आणि चालण्यात तर फारच फरक. एका एजन्सीने त्यांना एका बँकेच्या दारात उभं केलं. सकाळी मी डबा भरून द्यायची, ते खांद्याला बंदूक लावून रिक्षाने जायचे, संध्याकाळी परत यायचे. गल्लीतले लोक त्यांना रामराम घालायचे. बंदुकीलाच घालायचे खरं तर, पण ते त्यांना कोण सांगणार.

दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी बँकेच्या शिपायाने शटर ओढलं आणि कडेला टेकून ठेवलेली बंदूक फरशीवर पडली. दस्ता जिथे बारीक होतो, मूठ धरतात तिथे, लाकूड चिरलं. कर्तव्यावरच्या गनमनने बंदूक भिंतीला टेकवून ठेवलीच का, हा प्रश्न मी विचारला. मालक म्हणाले, "चहा पीत होतो."

त्यांनी चिरेवर काळी चिकटपट्टी गुंडाळली. वायरमन वापरतो ती. उन्हात तिचा डिंक सुटायचा, हाताला लागायचा, आणि तो हात ते माझ्या टॉवेलला पुसायचे. असं बरेच दिवस चाललं. मग एजन्सीचा नवा सुपरवायझर पाहणीला आला. काळा चष्मा, पायात टोकदार बूट, वय आमच्या थोरल्या मुलापेक्षा कमी. त्याने बंदुकीला हातही न लावता लांबूनच बोट दाखवलं.

"काका, हे काय बांधलंय? पाय मोडलाय का तिचा?"

"जरा चीर गेली साहेब."

"पुढच्या पाहणीला ही पट्टी दिसली तर मी दुसरा माणूस लावणार. मालेगावचा एक थांबलाच आहे, नवी बंदूक घेऊन."

मालक घरी आले ते तोंड पाडून. नोकरी गेली तर काय, ही काळजी मलाही होती. पगाराची होती, आणि हा माणूस दिवसभर घरी बसला तर माझ्या भाजीत काय काय चुका काढील याचीही होती. मी म्हटलं, "गावात बंदुकीचं परवान्याचं दुकान आहे, तिथे जा, नवा दस्ता लावून आणा." ते गेले. दुकानदार म्हणाला, लाकूड बाहेरून मागवावं लागेल, कोरून घ्यावं लागेल, वेळ लागेल, आणि खर्चही होईल. मालकांना यातलं फक्त शेवटचं ऐकू आलं.

आता यात माझा धाकटा दीर येतो. त्याचं अंबडला मोटारींचे सुटे भाग बनवायचं लहानसं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक मिलिंग मशीन, आणि बोलण्यात पूर्ण कारखाना. रविवारी तो माझ्याकडे मटण खायला यायचा. त्या रविवारी मालकांनी त्याच्यापुढे बंदूक ठेवली. त्याने हाड चोखत चोखत ती बघितली आणि बोटं पुसून म्हणाला,

"दादा, लाकूड आता संपलं. बाहेरच्या देशात सगळे चेसिस लावतात."

"चेसिस ट्रकला असते," मी म्हटलं.

"वहिनी, तुम्हाला नाही कळायचं. ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो. नळी आणि बोल्ट जुनाच, खालचं लाकूड काढायचं आणि त्या सांगाड्यात सगळं बसवायचं. चिरणार नाही, फुगणार नाही, पावसाला भिणार नाही. तिकडे त्याला फार किंमत घेतात. आपल्याकडे भंगाराच्या प्लेटीत होईल."

पुढच्या वेळी येताना त्याने रद्दीतून मिळालेलं एक परदेशी मासिक आणलं. त्यात एक गोरा माणूस गवतात पालथा झोपून तसली बंदूक धरून होता. दोघं भाऊ ते चित्र कितीतरी वेळ बघत बसले. माझ्या नवऱ्याने माझ्याकडे लग्नातसुद्धा तसं बघितलं नव्हतं.

"हे लावलं ना दादा, तर तो सुपरवायझर सॅल्यूट ठोकेल," दीर म्हणाला.

"तो गोरा झोपलाय," मी म्हटलं. "तुमच्या दादांना उभं राहायचंय. झोपायचे पैसे बँक देत नाही."

माझं कोण ऐकतं. मालकांनी दोन दिवसांची रजा टाकली आणि बंदूक पोत्यात गुंडाळून अंबडला नेली. लहान वर्कशॉपांत कामाची एक रीत असते. नवीन वस्तूचं ड्रॉइंग नसेल तर जुनी वस्तू मधून कापायची, आतला आकार डोळ्यांनी बघायचा आणि तसाच्या तसा नव्या धातूत काढायचा. पंपाची बॉडी अशीच करतात, गिअरचं झाकण असंच. दिराने तेच केलं. लाकडी दस्ता करवतीखाली धरून लांबीत उभा चिरला. एक तुकडा इकडे, एक तिकडे. आतले खाचखळगे मोजले, खडूने प्लेटीवर काढले आणि कामाला लागला. नवं बसतंय की नाही ते कळायच्या आधी जुन्याचे दोन तुकडे झाले होते. हे मला मालकांनीच घरी येऊन सांगितलं, अभिमानाने. मी विचारलं, "आणि नाही बसलं तर?" ते म्हणाले, "त्याचा हात बसलेला आहे." दिराचा हात कुठेकुठे बसलेला होता ते मला ठाऊक होतं. त्याने माझ्या मिक्सरला नवं झाकण करून दिलं होतं. ते लावायला एक माणूस आणि काढायला दोन माणसं लागायची.

पण खोटं कशाला बोलू, सांगाडा बसला. कानस मारून, ठोकून, परत कानस मारून बसला. आता उरला रंग. चित्रातली बंदूक काळी कुळकुळीत होती. दिराच्या वर्कशॉपच्या मागच्या गल्लीत पावडर कोटिंगचा कारखाना होता. भट्टीत भाजून रंग बसवतात तिथे. एका नगाला रंग लावून घ्यायचा तर पूर्ण भट्टीचे पैसे मोजा. त्यावर तिथल्या लोकांनी एक उपाय काढलेला असतो. ज्या रंगाचा माल चालू असेल त्यात आपला नग टांगून द्यायचा. ओळखीत फुकट होतं. त्या दिवशी दवाखान्याच्या खाटांची ऑर्डर चालू होती.

बंदूक घरी आली ती पिस्ता रंगाची.

मी ओट्यावर कणीक मळत होते. मालकांनी पोतं सोडलं आणि बंदूक टेबलावर ठेवली. मी बघितलं, हात धुतले, आणि परत बघितलं. खानावळीतली दोन पोरं जेवत होती, त्यांचे घास हातात राहिले.

"मिलिटरी कलर आहे," दीर म्हणाला. तो मालकांच्या मागे उभा होता.

"मिलिटरी हॉस्पिटलचा," मी म्हटलं.

एक पोरगा ताटात तोंड घालून हसला. मालक म्हणाले, "थोडा फिकट आलाय. उन्हात गडद होईल." रंग उन्हात गडद होतो हे मी त्यांच्याच तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मी ती उचलून बघितली. पहिल्यापेक्षा जड. भंगाराची प्लेट जाड होती आणि ती बारीक करायला वेळ गेला असता, म्हणून तशीच ठेवली होती. मालकांचा खांदा थंडीत वर जात नाही, केस विंचरायला ते डोकंच खाली हातापाशी आणतात, आणि त्यांच्यासाठी हे दोन भावांनी मिळून केलेलं.

त्यात दुसऱ्याच दिवशी दसरा आला. शस्त्रपूजा म्हणजे मालकांचा वर्षातला मोठा दिवस. त्यांनी बंदूक पाटावर ठेवली, झेंडू वाहिले, आणि तेलात कालवलेल्या कुंकवाने त्या पिस्त्यावर स्वस्तिक काढलं. ते कुंकू खाचांत शिरलं आणि निघेना. रॉकेलने पुसलं तर पसरलं. पिस्ता आणि गुलाबी. मालेगावहून येणाऱ्या स्वस्तातल्या साड्यांत असले रंग मी बघितले आहेत, आणि मागे ठेवून दिले आहेत.

बँकेतली पहिली सकाळ मला तिथल्या शिपायाने सांगितली, तो माझ्याकडे जेवायचा. पेन्शन घ्यायला आलेल्या एका म्हाताऱ्याने मालकांना विचारलं, "बाबा, फवारणीचा पंप घेऊन इथं काय उभा? औषध मारताय काय?" एका बाईच्या कडेवरच्या मुलाने ती खेळायला मागितली आणि दिली नाही म्हणून भोकाड पसरलं. मालक कुणाकडे न बघता उभे होते म्हणे. भांडारात इतकी वर्षं काढल्यामुळे न बघता उभं राहणं त्यांना जमतं.

सुपरवायझर आला. मला वाटलं होतं, आता संपलं. तर त्याने चष्मा वर केला, बंदुकीभोवती एक फेरी मारली, आणि म्हणाला, "पट्टी नाही ना कुठे? झालं तर मग. आणि हे परदेशी दिसतंय काका."

"चेसिस आहे साहेब."

"बाकीच्या गनमनांनाही बसवून मिळेल का? एकसारख्या दिसतील. ड्रेससारख्या."

नोकरी वाचली. मालक घरी येताना जिलेबी घेऊन आले. दिराने तर त्याच आठवड्यात आणखी भंगार प्लेट उचलली आणि माझ्यासमोर बसून वर्कशॉपचं नाव बदलावं का याचा विचार करायला लागला. मी जिलेबी खाल्ली. जिलेबीशी माझं काही भांडण नव्हतं.

मग निवडणूक लागली. आचारसंहिता सुरू झाली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करतात. बँकेच्या गनमनला सूट मिळते, पण बंदूक आणि परवाना ठाण्यात नेऊन दाखवावा लागतो, तिथला शिक्का मिळाला की मग कामावर. आधीच्या निवडणुकांना मालक एकटेच जाऊन यायचे. या खेपेला मला म्हणाले, "तू पण चल." त्या ठाण्यातल्या दोघांना माझ्याकडून डबा जायचा, ती ओळख कामी येईल असा त्यांचा अंदाज. म्हणजे यांच्या मनातही पाल चुकचुकत होती. तोंडाने मात्र चेसिस, चेसिस.

ठाण्यात बंदुकवाल्यांची रांग होती. द्राक्षबागायतदार, व्यापारी, दोन-तीन निवृत्त फौजी. सगळ्यांच्या हातात तपकिरी लाकूड. आमची बाहेर निघाली तशी रांग मागे वळून बघायला लागली. टेबलामागे एक जाडसर हवालदार होता. माझा डबा खाणारा नव्हता. त्याने नंबर पडताळला. नंबर नळीवर असतो, तो जुळला. मग त्याने पेन खाली ठेवलं.

"हा दस्ता कुठून घेतला?"

"बसवून घेतला," मालक म्हणाले.

"ते दिसतंय. परवान्याच्या दुकानातून का? पावती दाखवा."

मालक खिसे चाचपायला लागले. नसलेली पावती ते इतक्या मन लावून शोधत होते की क्षणभर मलाही वाटलं, सापडेल.

हवालदार म्हणाला, "बाबा, तुम्ही फौजी माणूस, तुम्हाला मी काय सांगायचं? बंदूक परवानाधारकाच्या ताब्यातून दुसऱ्याच्या ताब्यात गेली तर देणारा पण गुन्हेगार आणि घेणारा पण. दुरुस्ती परवान्याच्या दुकानातच करायची. कुणाकडे दिली होती?"

तो अजून वाक्य पूर्ण करत होता. मालकांनी भावाचं नाव सांगितलं. वर्कशॉपचा नंबर सांगितला. कोणत्या गल्लीत, कोणत्या टपरीसमोर, तेही सांगितलं. वर म्हणाले, "मी नकोच म्हणत होतो साहेब. त्याच्याच डोक्यातलं हे खूळ."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. सरहद्दीच्या इतक्या गोष्टी सांगणारा माणूस, साध्या हवालदाराने साध्या आवाजात विचारलं तर सख्ख्या भावाला टपरीच्या खुणेसकट देऊन मोकळा. कुणी हात उगारला नव्हता, आवाज चढवला नव्हता.

दिराला बोलावून आणलं. तो हात न धुता आला, कोपरापर्यंत काळा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "दादांनी जबरदस्ती केली. मोठा भाऊ सांगतो, नाही कसं म्हणणार?" आणि मग दोघं भाऊ त्या टेबलासमोर एकमेकांकडे बोट दाखवून उभे. मधे ती पिस्ता बंदूक. रांगेतले लोक मनापासून ऐकत होते. एक बागायतदार म्हणाला, "रंग तरी कुणाचा होता?" त्यावर दोघांचीही बोटं खाली आली.

ठाण्याच्या मोठ्या साहेबांना निवडणुकीच्या बंदोबस्ताची घाई होती. त्यांनी दोघांचे जबाब घेतले, दोन भावांना अर्धा दिवस बाकावर बसवलं, बंदूक जमा करून घेतली आणि परवान्याचं वर कळवतो म्हणाले. मी मधे एकदा उठून घरी गेले, कारण दुपारच्या पोरांना जेवायला घालायचं होतं. येताना दोघांसाठी डबा आणला. एकच आणला. त्यांना शेजारी बसून खावा लागला. भाजी मात्र एकमेकांकडे सरकवत होते.

बंदूक नाही तर गनमन नाही. मालेगावच्या माणसाला दुसऱ्याच दिवशी उभं केलं. मालक घरी बसले आणि मला भीती होती तसंच झालं. आमटीत मीठ कमी, पोळी जाड, पोरं जेवताना आवाज करतात. मी ऐकून घ्यायची, कारण त्या तोंडाला दुसरं काम राहिलं नव्हतं. दीर रविवारचा यायचा बंद झाला. त्याच्या वाटणीचं मटण पोरं खायची.

निवडणूक झाली, निकाल लागला, परवान्याचं उत्तर काही येईना. मालक ठाण्यात हेलपाटे घालायचे. तिथे सांगायचे, बंदूक मिळेल, पण परवान्याच्या दुकानातून लाकडी दस्ता बसवून, तेही वरून कागद आल्यावर. दुकानदार म्हणाला, "जुना दस्ता आणा, त्यावरून नवा कोरतो." जुन्याचे दोन तुकडे दिराच्या वर्कशॉपात टेबलाच्या पायाखाली पाचर म्हणून ठोकलेले होते. ते मागायला जायचं तर भावाशी बोलावं लागणार. मालक गेले नाहीत.

मग एका दुपारी तोच सुपरवायझर माझ्या खानावळीत आला. गंगापूर रोडला नवी मोठी सोसायटी झाली होती, फाटकावर माणूस हवा होता.

"काकू, काकांना विचारा. शिस्तीचा माणूस आहे. काठी आणि शिट्टी आम्ही देऊ. बंदूक लागत नाही."

मालक आतल्या खोलीतून ऐकत होते. बाहेर येऊन म्हणाले, "मी गनमन आहे. वॉचमन नाही."

"काका, बंदूक कुठंय?" तो म्हणाला. हे त्याने चेष्टेने विचारलं नव्हतं. त्याला खरंच वाटलं असावं, मिळाली असेल.

मालक आत गेले. सुपरवायझर जेवून गेला, भाजी परत मागून घेतली. मी भांडी आवरली, ओटा धुतला, आणि आत गेले. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. अशा वेळी बायकांनी समजूत घालायला जावं असं लोकांना वाटतं. मी म्हटलं, "उद्या सकाळी डबा भरणार आहे. ओट्याच्या कडेला ठेवीन. फाटकावर बसून खा नाहीतर इथे बसून खा. पण इथे बसून खाल्लात तर मिठाबद्दल बोलायचं नाही."



सकाळी मी डबा भरला. वांग्याची भाजी, दोन भाकरी, ठेचा. पोरांच्या गडबडीत माझं लक्ष नव्हतं. थोड्या वेळाने बघितलं तर ओट्यावरचा डबा नव्हता. चप्पल नव्हती. गेले होते.

संध्याकाळी आले, रिकामा डबा ओट्यावर ठेवला. पाय दुखतात एवढं म्हणाले. मी म्हटलं, "बसायला खुर्ची देत नाहीत?" ते म्हणाले, "देतात. पण मोटार आली की उठावं लागतं." मग जेवायला बसले. आमटीत मीठ खरंच कमी होतं. त्यांनी मिठाची बरणी स्वतः उठून घेतली, वरून टाकलं आणि बरणी झाकण लावून जागेवर ठेवली.